लॉबीच्या फ्लोअरिंगचं फायनल बिल देण्याआधी रफनेस मोजून घ्या

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

लॉबीचं काँक्रीट पॉलिशिंग झालंय आणि बिल येत्या मीटिंगला पास होणार असं कळलं, म्हणून घाईने लिहितोय. फ्लोअरिंग मस्त चमकतंय, पण नुसती चमक बघून काम पास करू नका प्लीज. चमक दोन प्रकारे येते, एकतर डायमंड पॅडने १००, २००, ४००, ८०० असे ग्रिट (पॅडचा नंबर, जितका मोठा तितकं बारीक घासणं) चढवत काँक्रीट खरंच घासलेलं असतं, नाहीतर मधले ग्रिट गाळून वरून गार्डचा, म्हणजे चमकदार संरक्षक लेपाचा, थर मारलेला असतो, आणि पहिल्या दिवशी डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं. ग्लॉस मीटर लावला तरी तो फक्त परत येणारा प्रकाश मोजतो, गार्डखालचे ओरखडे त्याला कळत नाहीत. ते आपल्याला कळतात गार्ड झिजल्यावर, तोवर पैसे गेलेले असतात!

यासाठी प्रोफाइलोमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. त्याची बारीक सुई काँक्रीटवरून काही मिलिमीटर सरकते आणि उंचसखलपणा मायक्रॉनमध्ये दाखवते, आरए म्हणजे सरासरी आणि आरझेड म्हणजे उंच टोकापासून खोल खाचेपर्यंतचं अंतर. रीडिंग गार्ड मारायच्या आधी घ्यायचं असतं, नंतर सुई गार्डवरूनच फिरते. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरकडे आधीची रीडिंग मागा, नसतील तर एका कोपऱ्यातला गार्ड काढून मोजायला लावा. जागा पुसून, भेगा आणि बारीक छिद्रं टाळून, चार-पाच ठिकाणी आणि आडवं-उभं दोन्ही, एका रीडिंगवर काही ठरत नाही.

आणि गेटजवळचा भाग, जिथे पावसाचं पाणी आत येतं, तिथली मला जास्त काळजी वाटते कारण आपल्याकडे म्हातारी माणसं खूप आहेत. ब्रिटनच्या एचएसई या कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या गाइडलाइनप्रमाणे पाण्याने ओल्या जमिनीवर आरझेड १० मायक्रॉनच्या खाली असेल तर घसरायचा धोका जास्त, २० च्या वर असेल तर कमी. म्हणजे लॉबीत जो गुळगुळीतपणा हवा तोच गेटपाशी नको. तिथे ओल्या जमिनीवर पेंडुलम टेस्टही (झुलत्या दांड्याचं रबर जमिनीला घासून पकड मोजतात ती) करून घ्या, आकडा ३६ किंवा वर आला तर ठीक, २५ च्या खाली आला तर अँटी-स्लिप ट्रीटमेंट करूनच घ्यावी लागेल.

वरच्या मजल्यांच्या पॅसेजचं काम अजून बाकी आहे ना, त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये आरएचा आकडा आणि गार्डआधी मोजणी हे आत्ताच लिहून घ्या. आणि रीडिंग हातात येईपर्यंत लॉबीच्या बिलातली काही रक्कम थांबवावी ही विनंती. मोजणीच्या वेळी मी थांबायला तयार आहे, फक्त आदल्या दिवशी कळवा.

आपला,
बी विंगमधला एक सभासद