फळ्याकडे तोंड करून शिकवताना

महोदय,

बी.एड.च्या निरीक्षणपाठांसाठी मी यंदा काही दिवस जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आणि काही दिवस कर्णबधिर मुलांच्या विशेष शाळेत बसले. पहिल्या शाळेत पाचवीला श्रवणयंत्र लावणारा एक मुलगा आहे. त्याला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवले आहे. परंतु बाई फळ्यावर लिहिता लिहिता बोलू लागल्या, की त्यांचे ओठ त्याला दिसेनासे होतात आणि तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेतो. वर्गातला गलकाही श्रवणयंत्र शब्दांबरोबरच मोठा करते. बाईंना मी दोष देत नाही, कारण चाळीस मुले त्या एकट्या सांभाळतात.

विशेष शाळेत आठ मुले अर्धवर्तुळात बसतात, शिक्षिका आधी लिहून मग मुलांकडे वळूनच बोलतात. यासाठी वेगळा निधी लागत नाही. मात्र तिथली बरीच मुले घर सोडून वसतिगृहात राहतात. पाचवीतला तो मुलगा मधल्या सुट्टीत गल्लीतल्याच सवंगड्यांशी कबड्डी खेळतो, हेही मला तितकेच मोलाचे वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो, पण श्रवणयंत्राची बॅटरी बदलायला मला कोणी शिकवले नव्हते. प्रत्येक छात्राध्यापकाने विशेष शाळेत नुसते निरीक्षण न करता किमान पंधरा दिवस प्रत्यक्ष पाठ घ्यावेत, अशी तरतूद विद्यापीठांनी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक छात्राध्यापिका, सातारा