मागच्या चाकात कोणते तेल घालायचे, एवढेच विचारले होते

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते

विषय: सायकलच्या हब गिअरच्या (मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या बंद हबमधल्या गिअरच्या) तेलाचा ग्रेड, म्हणजे घट्टपणाचा आकडा, न सांगणे, तेल न पुरवणे आणि तुमच्याच सेवा केंद्राने भरलेल्या ग्रीसवरून माझी वॉरंटी रद्द करणे

तुमच्या कॉल सेंटरशी आत्ताच बोलणे संपले. संपले म्हणजे पलीकडून फोन ठेवला गेला. "आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे" हा मेसेज मात्र मी बोलत असतानाच येऊन पडला होता. कोणाचे समाधान झाले ते कळवावे.

सायकलचे मॉडेल बिलावर आहे, बिल सोबत जोडले आहे. मागच्या हबच्या पोटात पाच गिअर आहेत हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, कारण त्याच एका गोष्टीवर तुम्ही ही सायकल विकता. "ना धूळ, ना कटकट" असे तुमच्या जाहिरातीत आहे. धुळीचे खरे आहे. कटकटीबद्दल हे पत्र आहे.

माहितीपुस्तिकेतले वंगणाचे पान उघडा. त्यावर लिहिले आहे की हबमध्ये फक्त कंपनीने मान्य केलेले तेल वापरावे, दुसरे कोणतेही वंगण वापरल्यास वॉरंटी रद्द समजावी. मान्य केलेले तेल कोणते, ते त्या पानावर नाही, आधीच्या नाही, नंतरच्या नाही. किती मिलिलिटर, नाही. किती किलोमीटरनंतर, नाही. हबच्या अंगावर तेलाचा छोटा स्क्रू आहे आणि चित्रात त्याच्याकडे बाण काढलेला आहे. बाणाच्या टोकाशी कंपनीचे ज्ञान संपते.

ही काही गुप्त ठेवायची माहिती नव्हे. जपानच्या शिमानो कंपनीच्या अकरा गिअरच्या अल्फाइन हबला 25 मिलिलिटर तेल लागते, पहिल्यांदा 1000 किलोमीटरला बदलायचे, त्यानंतर दोन वर्षांनी किंवा 5000 किलोमीटरला. कंपनी हे छापून देते. त्यांचाच आठ गिअरचा हब उघडून आतला गाभा दीड मिनिट तेलात बुडवायचा आणि निथळू द्यायचा, हेही छापून देते. जर्मनीच्या रोलॉफ कंपनीचा चौदा गिअरचा हब 5000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा तेल मागतो, आणि आधी धुवायचे तेल, मग भरायचे तेल अशा दोन्ही बाटल्या ते स्वतः विकतात. इंग्लंडच्या जुन्या तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबवर तर तेल सोडायला चिमुकले झाकणच असायचे. नॉटिंगहॅमच्या त्या कारखान्याला जे 1936 साली कळत होते ते तुम्हाला आज कळू नये?

तुमच्या ॲपवर "हब ऑइल" नावाची एक बाटली आहे. मी सायकल घेतल्यापासून ती "लवकरच उपलब्ध" आहे. एकदा ऑर्डर स्वीकारली गेली तेव्हा बाटलीऐवजी चेनचे तेल आले. चेनच्या बऱ्याच तेलांत पातळ करणारा द्रव असतो, तो उडून जातो आणि कड्यांवर थर राहतो. चेनला ते ठीक, बंद हबमध्ये त्याचा काय उपयोग? परत पाठवायचे तर कुरिअर माझ्या खर्चाने. ती बाटली अजून माझ्या कपाटात आहे, हवी असल्यास येऊन घेऊन जावी.

मग मी तुमच्या नागपुरातल्या वर्धा रोडच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. "सोडून जा काका, संध्याकाळी घेऊन जा." संध्याकाळी सायकल मिळाली, जॉब कार्डवर "हब ग्रीस केले" असा शेरा आणि शिक्का. आत काय भरले ते मी नंतर पाहिले. ट्रॅक्टरच्या निपलमध्ये पंपाने मारतात ते काळे घट्ट ग्रीस, ठासून.

हबच्या आत जे पॉल, म्हणजे गिअर पकडणारे छोटे खटके, असतात, ज्यांना आमचे मिस्त्री कुत्ते म्हणतात, ते अगदी हलक्या स्प्रिंगच्या जोरावर उठून खाचेत बसतात. बेअरिंगला आणि दात्यांना ग्रीस चालते. पॉलना घट्ट ग्रीस लागले की ते जागच्या जागी चिकटतात, उठत नाहीत, आणि पायडलवर जोर देताच पाय रिकामा जातो. माझा पाय सेमिनरी हिल्सच्या चढावर रिकामा गेला. उभा राहून पायडल मारत होतो. कुठे आपटलो ते पत्रात लिहिता येत नाही. मागून रिक्षा येत होती, त्या भल्या माणसाने ब्रेक मारला म्हणून हे पत्र माझ्या हातचे आहे.

हे सगळे कळवल्यावर तुमचे उत्तर आले: अनधिकृत वंगण वापरल्यामुळे वॉरंटी रद्द. अनधिकृत वंगण. अधिकृत केंद्रात. अधिकृत शिक्क्यासह.

आता आजचा फोन. हे सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडचे रेकॉर्डिंग "प्रशिक्षणासाठी" वापरतात म्हणे.

मी विचारले, "हबमध्ये भरायच्या तेलाचा व्हिस्कॉसिटी ग्रेड काय?"

"सर, आपण चेनबद्दल विचारताय का?"

"नाही. मागच्या हबबद्दल. ज्याच्या आत गिअर आहेत."

"सर, गिअर तर हँडलला असतात."

"हँडलला शिफ्टर असतो ताई. गिअर चाकात आहेत. तुमच्या जाहिरातीत हेच मोठ्या अक्षरांत आहे."

"सर, मी आपला कॉल टेक्निकल टीमला देते."

बराच वेळ बासरी वाजली. त्या मुलीवर माझा राग नाही, तिच्यासमोर जे ठेवले असेल ते तिने वाचले. मग टेक्निकल टीम आली. टीम म्हणजे एकच साहेब, आणि आवाजावरून अतिशय फुरसतीत असलेले.

"हां अंकल, बोलिए."

मी पहिल्यापासून सांगितले. हब, स्क्रू, ग्रेड, ग्रीस. त्यांनी सगळे ऐकून घेतले, असे मी समजत होतो.

"अंकल, ऑइल तो ऑइल होता है. कोई भी डाल दो."

"कोणतेही चालते तर माझी वॉरंटी का रद्द केली?"

"वो आपने ग्रीस डाला था ना."

"मी नाही. तुमच्या सेवा केंद्राने."

थोडी शांतता. मला वाटले कागद पाहत असतील. कागद पाहत नव्हते, विचार करत होते, आणि त्या विचारातून हे निघाले:

"तो फिर नारियल का तेल डाल दो ना अंकल. नागपुर में तो गरमी ही रहती है, जमेगा नहीं. सायकल ही तो है."

मी कोराडीच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला नोकरी केली आहे. टर्बाइनला कोणते तेल, गिअरबॉक्सला कोणते, यात गल्लत झाली तर काय होते ते मी पाहिले आहे. मला खोबरेल तेल सांगता? खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते. नागपुरात 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. इथल्या प्रत्येक घरात हिवाळ्यात खोबरेलची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी असते. सकाळी फिरायला निघण्याआधी मी मागचे चाकही तांब्यात उभे करायचे का? उद्या विदर्भात जवस पिकते म्हणून जवसाचे सांगाल. तेही भरून बघा, हवा लागली की सुकून चिवट होते, म्हणूनच ते रंगात घालतात.

शांतपणे लिहायचे ठरवले होते. असो.

साहेबांच्या माहितीसाठी: ऑइल तो ऑइल नहीं होता. औद्योगिक तेलाचा व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड) आकडा म्हणजे 40 अंश सेल्सिअसला ते किती घट्ट आहे त्याचे माप. प्रयोगशाळेत 40 अंश मुद्दाम तापवून आणावे लागतात, आम्हाला मे महिन्यात ते सावलीत मिळतात. 23 मे 2013 ला इथे 47.9 होते. शिलाई मशीनचे तेल अशा उन्हात पाण्यासारखे होऊन एक्सलच्या बाजूने गळते आणि डिस्क ब्रेकवर गेले तर ब्रेकही जातो. गंज सोडवायचा स्प्रे आतले उरलेसुरले वंगण धुऊन काढतो. मोटारीच्या इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट असते, ते घाण तरंगत ठेवते, म्हणजे फिल्टरने ती गाळावी. तुमच्या हबमध्ये फिल्टर कुठे आहे ते दाखवा. आणि गिअर ऑइलचा 90 हा आकडा इंजिन ऑइलच्या 30 किंवा 40 च्या पट्टीवरचा नाहीच, पट्टी वेगळी आहे. 90 चे गिअर ऑइल घट्टपणाने साधारण इंजिनच्या 40-50 च्या घरात बसते. म्हणून ग्रेड विचारतो. हौसेने नाही.

इतवारीत तेल सुटे विकणाऱ्या एका दुकानात गेलो होतो. हायड्रॉलिक 68 आहे, इंजिन ऑइलच्या पट्टीवरचे साधे एसएई 30 आहे, गिअरचे 90 आहे. सायकलच्या हबसाठी हवे म्हटल्यावर दुकानदार हसला नाही. त्याने एकच विचारले, "काका, ग्रेड सांगा." सायकलीशी ज्याचा संबंध नाही त्या माणसाला पहिला प्रश्न बरोबर सुचतो आणि ज्यांनी सायकल विकली त्यांना उत्तर माहीत नाही. तो माणूस अर्धा लिटर द्यायला तयार होता. मीच नाही घेतले, कारण उद्या तुम्ही पुन्हा अनधिकृत म्हणाल. ग्रेड सांगणार नाही, बाटली देणार नाही, दुसरे वापरू देणार नाही. मग सायकल कशावर चालवायची?

आधी तुमच्या कंपनीबद्दल मी कॉलनीत चांगले बोलत असे. माझ्या सांगण्यावरून शेजारच्या जोशीकाकूंच्या मुलाने हीच सायकल घेतली. आता तो दिसला की मी रस्ता बदलतो.

मला काय हवे ते लिहितो. तेलाचा ग्रेड, प्रमाण आणि बदलायचे अंतर तुमच्या तांत्रिक विभागाच्या लेटरहेडवर, सहीनिशी. हब तुमच्या खर्चाने पूर्ण उघडून, ग्रीस धुऊन, पॉल आणि स्प्रिंगा तपासून द्यावा, आणि काम करताना मी समोर उभा राहीन. वॉरंटी पूर्ववत केल्याचे लेखी. तुमच्याच केंद्राने भरलेले ग्रीस अनधिकृत असेल तर त्या केंद्रावरची तुमच्या नावाची पाटी आधी उतरवा.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवीन, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. म्हणजे मला घरून चालत जाता येईल आणि तुमच्या वकिलांना नागपूरला यावे लागेल. शक्यतो मे महिन्यात या.

एक ग्राहक, नागपूर

सोबत: बिल, सेवा केंद्राचे शिक्क्याचे जॉब कार्ड, हबमधून काढलेल्या ग्रीसचे फोटो, वॉरंटी रद्द केल्याचा ईमेल.

ता. क. उत्तर लेखी द्यावे. टेक्निकल टीमकडून फोन करवू नये.