काका, तुम्ही फोनवर ऐकलंत म्हणून

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्यासमोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणता आणि विषय गणपतीच्या मखरावर नेता. पैशांचं पाकीट दोनदा परत आलं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. रागावलात तरी चालेल.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. काकांचं चिपळूणच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ते गेलं. काउंटर, मीटर, सुट्या भागांचे खण, गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली यंत्रं, सगळं चिखलात. शटर पुन्हा उघडलं नाही. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, जिना डॉक्टरांनी बंद केलाय. माझ्या सासऱ्यांचे मित्र, म्हणून मी सूनबाई. मी घरात बसून डीटीपी करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल. कॉम्प्युटर जुनाच, कुणाकडून तरी घेतलेला, पण घराचा हप्ता त्याच्या जिवावर जातो.

2025 साली गणपती 27 ऑगस्टला बसायचे होते. त्याच्या आठ दिवस आधीची रात्र, साडेनऊ वाजलेले. मंडळाचा 32 पानी अहवाल सकाळी छापखान्यात द्यायचा. पावसाने लाईट तीनदा गेली-आली, आणि चौथ्यांदा बटण दाबलं तर पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. आतून लांबलचक शिट्टी, मग थोडं थांबून पुन्हा तशीच.

मी फोनवर म्हटलं, "काका, कॉम्प्युटर मेला."

तुम्ही म्हणालात, "मेला तर ओरडतोय कोण? फोन डब्याजवळ धर."

आणि तुम्ही ऐकलंत. मिनिटभर तुमच्या बाजूने फक्त पावसाचा आवाज येत होता. मग पहिला प्रश्न, ही शिट्टी यूपीएसची की डब्याची? मला तोवर दोन आवाज वेगळे असतात हेच माहीत नव्हतं. टेबलाखाली वाकून कान लावला. डब्याची. "मग रॅम बघायची. कंपनीगणिक पिपाण्या निराळ्या, पण अशी लांब आणि थांबून थांबून आली की आधी तीच." रॅम म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी. दमट हवेत तिच्या दातांवर किटण चढतं, संपर्क तुटतो. हे तुम्ही टीव्हीच्या चॅनेल सिलेक्टरची उपमा देऊन सांगितलंत. मी तो सिलेक्टर कधी पाहिलेला नाही, तरी समजलं.

पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. बोर्डाचं बटण बंद. पिन उपटून बाजूला. मग डब्याचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धर, आत साठलेली वीज निघून जाऊ दे. मागचे दोन स्क्रू काढ आणि झाकण मागे सरकव, वर उचलू नको. आत हात घालण्याआधी पत्र्याच्या उघड्या कडेला बोट लाव, अंगातली स्थिर वीज तिथे उतरव. टॉर्च दातात धरून मी ते केलं. धुळीचा थर असा, की पंख्याच्या पात्यांवर राखाडी मखमल चढल्यासारखी. मी फुंकर मारणार तेवढ्यात तुम्ही ओरडलात, "थुंकी उडते! कोरडा ब्रश घे, आणि पंखा बोटाने धर, गरगर फिरू देऊ नको."

रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या, पट्टी वर आली. मुलाच्या कंपासमधला पांढरा मऊ खोडरबर घेऊन सोनेरी दात पुसले. रबरावर काळे पट्टे उमटले. कीस डब्यात पडू नये म्हणून हे सगळं खिडकीशी जाऊन. परत बसवताना तुम्ही म्हणालात, खाच बघ, उलटी बसणार नाही, आणि "दोनदा टक ऐकू आलं पाहिजे." एकदाच आलं. तुम्ही फोनवर मोजत होतात. "एक बाजू बसली नाही, अगो, अंगठा लाव." लावला. दुसरं टक.

स्क्रीन उजळली तेव्हा मी खरोखर रडले. तुम्हाला ऐकू गेलं असणार, पण तुम्ही विचारलंत ते एवढंच, "त्या अहवालाची दुसरी प्रत कुठे आहे?"

कुठेच नव्हती.

तुम्ही गप्प झालात. मग इतर कशालाही हात न लावता आधी पेनड्राइव्हवर प्रत काढायला लावलीत, आणि पेनड्राइव्ह डब्याशेजारी न ठेवता वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या कपाटात. दुकानाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. त्या दिवसापासून माझी प्रत्येक फाईल दोन घरांत असते.

तर अहवाल ईमेलने पाठवायला गेले, आणि ईमेल उघडेना. लाल त्रिकोण. हा त्रिकोण माझा जुना दुश्मन. मे महिन्यात तो आला तेव्हा मी डबा एका दुकानात नेला होता. तिथे म्हणाले, विंडोज उडवून नव्याने टाकावी लागेल, आठशे रुपये. दिले. आठवडाभर चाललं, मग लाईट गेल्यावर पुन्हा तेच. मी मनाची समजूत घातली होती की जुनं यंत्र आहे, चालायचंच.

तुम्ही म्हणालात, "त्रिकोणाखाली लिहिलंय काय, वाच." मी अडखळत वाचलं. तुमचं घड्याळ मागे आहे, असं तिथे इंग्रजीत चक्क लिहिलेलं! इतके महिने मी ते पान न वाचता बंद करत होते. कोपऱ्यातली तारीख पाहिली तर 1 जानेवारी 2012. मग तुम्ही समजावलंत. प्रत्येक वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्याला सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असते. माझा कॉम्प्युटर 2012 मध्ये बसलेला, त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून तो दार लावून घेतो.

"आणि चालू करताना एफ-वन दाबायला सांगतो का?" तुम्ही विचारलंत. सांगतो की! ते मी रोज दाबत होते, देवाला उदबत्ती लावावी तसं.

मग आतला तो चांदीच्या नाण्याएवढा सेल. सीआर 2032, तीन व्होल्टचा. डब्याला वीज मिळत असते तोवर घड्याळ त्या विजेवर चालतं; बोर्डाचं बटण बंद केलं की भार सेलवर. विजांच्या भीतीने मी रोज रात्री बटण बंद करते, आणि सेल केव्हाच संपलेला. त्या रात्री तारीख हाताने बदलली, अहवाल गेला. सकाळी घड्याळवाल्याकडून पन्नास रुपयांच्या आत नवा सेल आणला, नखाने खिटी सरकवून अधिकची खूण वर ठेवून बसवला. त्यानंतर त्रिकोण दिसलेला नाही. आठशे रुपयांचं दुःख आहे, पण तुम्ही म्हणालात त्यात थोडं माझंही, न वाचल्याचं.

इथवरचं सगळं तुम्ही फोनवर केलंत. आभार खरं म्हणजे पुढच्या गोष्टीसाठी.

दुसऱ्या दिवशी सेलचं कळवायला फोन केला तेव्हा बोलता बोलता मी सहज म्हटलं, की डब्याचं झाकण लावताना हाताला झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्तच, सवय झालीये. तुमचा आवाज बदलला. "बटण बंद कर. डब्याला, प्रिंटरला, कशाला हात लावू नको. मुलाला त्या खोलीत सोडू नको." मी म्हटलं, काय बघायचं ते सांगा, मी बघते. तुम्ही म्हणालात, "विजेचं फोनवर नाही सांगणार."

आणि तुम्ही आलात. रिक्षातून उतरून, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, सव्वीस पायऱ्या. प्रत्येक चौथ्या पायरीला थांबत. मी वर उभी राहून बघत होते आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. पिशवीत टेस्टर, आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला जुना बल्ब.

फेज म्हणजे वीज येते ती तार, न्यूट्रल म्हणजे परत जाते ती; या दोन्हींमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये, म्हणजे जमिनीत उतरणाऱ्या तारेत, काहीच नाही. तीन पिनांतली जाड, लांब पिन भोकात जात होती, पण त्या भोकापलीकडे जमीनच नव्हती. कॉम्प्युटरच्या सप्लायची रचनाच अशी, की अर्थिंग नसेल तर पत्र्यावर 230 च्या निम्मा दाब तरंगतो. करंट नगण्य म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण आत एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली तर पुरे 230. हे तुम्ही मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंत, आणि मला तेवढं पुरलं.

खाली तुळशीमागे अर्थिंगचा खड्डा निघाला. क्लॅम्पपाशी तार गंजून तुटलेली, पानगळीखाली कुणाला दिसायची? तुम्ही पायरीवर बसून राहिलात आणि वायरमनकडून नवी तार जोडून घेतलीत. बल्ब पुन्हा लावून पाहिल्याशिवाय उठला नाहीत. यूपीएसमधून लेझर प्रिंटरची पिन काढलीत ती जाता जाता. त्याच्या हीटरचा ओढा यूपीएसला झेपत नाही, आणि छापताना यूपीएस कण्हतो ते तुम्हाला आदल्या रात्री फोनवरच ऐकू आलं होतं म्हणे. मला दोन वर्षं शेजारी बसून आलं नव्हतं.

गुडघे आठ दिवस सुजलेले होते, हे मला काकूंनी विसर्जनानंतर सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत.

पैसे घेत नाही म्हणालात, तर घेऊ नका. अहवालाची एक प्रत या पत्रासोबत नातवाच्या हाती देतेय. शेवटच्या पानावर आभारात तुमचं नाव मंडळाला विचारून मीच टाकलंय, आता खोडता येणार नाही.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
सूनबाई

ता. क. परवापासून डब्यातून बारीक घरघर येते, गरम झाल्यावर थांबते. मी अजून फोन केलेला नाही. पंखा धरून पाहिला, तेव्हाही थांबली. मला वाटतं पंख्याचं बेअरिंग. रविवारी सांगते, बरोबर की चूक ते तुम्हीच सांगा.