तू विचारलं नाहीस, कळवलंस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घरचा धर्म सोडून दुसरा स्वीकारायचा, हे तू विचारलं नाहीस, नुसतं कळवलंस. बरं केलंस. परवानगी मागितली असतीस तर ती द्यायचा अधिकार माझ्याकडे आहे असा अर्थ झाला असता, आणि सज्ञान लेकीच्या श्रद्धेवर बापाचा असा अधिकार नसतो. वाईट वाटलं का? वाटलं. आईला माझ्याहून जास्त. ते आमचं आम्ही बघू. तुझ्या निर्णयावर त्याचं ओझं नको.

तुला मिळालेला हा हक्क निर्विवाद कधीच नव्हता. 10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या अठराव्या कलमात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेलं आहे. सौदी अरेबियाला ते मान्य नव्हतं, मतदानात तो देश तटस्थ राहिला. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान मात्र कलमाच्या बाजूने बोलले. आपला धर्म इतरांना आपल्याकडे बोलावतो, तर आपल्यातून कुणी जाण्याचा हक्कही मानलाच पाहिजे, असा त्यांचा रोख होता. हे खान स्वतःला मुस्लिम मानणाऱ्या अहमदिया पंथाचे. 1974 मध्ये त्यांच्याच देशाने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरवलं, आणि ते पाहायला ते हयात होते. कोण खरा श्रद्धाळू हे सरकार ठरवू लागलं की असं होतं. मग ते सरकार कुठल्याही धर्माच्या लोकांचं असो.

आता तुझ्या नव्या मंडळींबद्दल. सोडून गेलेल्यांशी ते बोलत नाहीत, असं तू लिहिलंस, आणि हे आपण खपवून घ्यायचं का, असं विचारलंस. माझं उत्तर तुला कदाचित आवडणार नाही: घ्यायचं. कुणाशी बोलावं, कुणाला आपल्यात ठेवावं, हे त्यांचंही स्वातंत्र्यच. मला ते कोतं वाटतं, आणि तसं मी त्यांच्या तोंडावर म्हणेन. पण सोडून जाणाऱ्याला धमकावणं, त्याची कागदपत्रं किंवा पैसे अडकवून ठेवणं, त्याची पोरं त्याच्यापासून तोडणं, आजाऱ्याचे उपचार थांबवणं, इथे माझी सहिष्णुता संपते. तिथे पोलीस हवेत, चर्चा नको.

नागरी आणि राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय करारात ही विभागणी नीट केली आहे. मनात काय मानायचं यावर कसलंच बंधन नाही. आचरणावर बंधन घालता येतं, पण कायद्यानेच, आणि सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा दुसऱ्यांचे मूलभूत हक्क यांसाठी गरज असेल तेवढंच. भावना दुखावल्या हे कारण त्या यादीत नाही. (नीतिमत्तेच्या नावाखाली लोक काहीही घुसडतात, हेही खरंच.) म्हणून तुझ्या निर्णयाने नातेवाईक दुखावले तरी ते तुला अडवू शकत नाहीत. आणि उद्या कुणी तुझ्या नव्या देवाची टिंगल केली, तर त्याचं तोंड बंद करा अशी मागणी तुलाही करता येणार नाही. वाद घाल, उठून जा, हवं तर संबंध तोड.

दीक्षा घेण्याआधी त्यांना एक विचारून घे: पुढे मला पटेनासं झालं तर मी कशी बाहेर पडायची? उत्तर ऐकताना त्यांचे चेहरे बघ. आणि आईला फोन कर. तिला पटवायला जाऊ नकोस, नुसती बोल.

तुझा,
बाबा