सदतीस चाकू आणि तुमचं भिंग

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. घरातलं माणूस गेल्यावर कपाटाच्या तळाशी जुन्या चाकूंची एखादी गुंडाळी सापडते आणि तिचं करायचं काय हे उमगत नाही, अशी वेळ पुष्कळांवर येत असणार. आमच्या चाकूंची पारख करून मोल सांगताना तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं, एवढ्यासाठी.

बाबा जहाजावर इंजिन खात्यात होते. जहाज बंदराला लागलं की बाकीचे लोक घड्याळं घेत, रेडिओ घेत. बाबा घडीचा चाकू घेत. घरी आल्यावर तो कातड्याच्या गुंडाळीतल्या एका कप्प्यात जाई आणि गुंडाळी कपाटात. आम्हा भावंडांना तिला हात लावायची मुभा नव्हती आणि मोठे झाल्यावर कुणी विचारलंही नाही. ते गेले तेव्हा सदतीस चाकू हातात आले, पण एकाचीही हकीकत ठाऊक नव्हती.

तुमच्याकडे येण्याआधी आमच्याकडे एक जण येऊन गेला होता. त्याने सगळी गुंडाळी उक्ती मागितली, त्याच दिवशी, रोख. बोलता बोलता तीन चाकू तो सारखे बाजूला काढत होता, उघडून बघत होता, पुन्हा ठेवत होता. दादा देऊन टाकू म्हणत होता, कारण तिघा भावंडांत चाकू वाटण्यापेक्षा पैसे वाटणं सोपं. मी दोन दिवस मागून घेतले. आणि ते दोन दिवस मी काय केलं, तर चांगली किंमत यावी म्हणून पॉलिश पेपर घेऊन दोन चाकूंची पाती घासून लखलखीत केली.

ते दोन चाकू तुमच्या टेबलावर ठेवले तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. नुसतं विचारलंत, "आणखी किती घासलेत?" दोनच, म्हटल्यावर तुम्ही श्वास सोडलात, तो मी विसरणार नाही. मग उरलेल्यांतला एक उचलून दाखवलात. पात्यावरची करडी-निळसर झाक म्हणजे गंज नव्हे. साध्या कार्बन पोलादावर वर्षानुवर्षं वापराने धरलेला तो थर आहे आणि पोलादाला तो एका अर्थी सांभाळतोच. गंज तांबूस असतो, खरखरीत असतो आणि आत पोखरत जातो. त्याच्यावर तेलाचा थेंब सोडून एक दिवस थांबायचं, मऊ कापडाने टिपायचं, बस. घासलं की कारखान्यातलं मूळ पॉलिश जातं, पात्यावर कोरलेली पुसट अक्षरं असली तर ती जातात आणि संग्राहक जे शोधत असतो तेच नेमकं नाहीसं होतं. ते दोन चाकू मी माझ्या वाट्याला घेतले आहेत.

मग तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. दुसरं कुणी असतं तर स्वतः बघून सांगितलं असतं. तुम्ही मला बघायला लावलंत, हे मला आज फार मोलाचं वाटतं. पातं मुठीत शिरतं तिथला सपाट भाग, तुम्ही त्याला पात्याचं बूड म्हणता. चाकूचं नाव, गाव, वय, सगळं तिथे ठोकलेलं असतं. प्रकाश वरून नको, आडवा पाडायचा, म्हणजे झिजलेली अक्षरंही सावली धरतात.

पहिलं अक्षर मी एका अमेरिकन चाकूवर वाचलं. 'केस' (Case) नावाच्या चाकू कंपनीचा छाप, नावापुढे दोन फुल्या, खाली यू एस ए आणि त्याच्याखाली बारीक ठिपके. ठिपके सात. तुम्ही सांगितलंत की या कंपनीने १९७० साली छापाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. म्हणजे सात ठिपके १९७३ चे. दुसऱ्या बाजूला आकडा होता, ६२५४. त्यातला ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची किंवा तशी दिसणारी मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ हा घाटाचा क्रमांक, त्या घाटाचं नाव ट्रॅपर. घरी येऊन मी बाबांची जहाजावरच्या नोकरीची नोंदवही काढली. १९७४ च्या सुरुवातीला त्यांचं जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. एका परक्या बंदरात दुकानाच्या काउंटरवर वाकून चाकू निवडणारे तरुण बाबा मला त्या सात ठिपक्यांनी दाखवले, आणि ते ठिपके मला तुम्ही दाखवलेत.

स्विस चाकूंवर आपण फारसे रेंगाळलो नाही. चार होते, त्यांतले तीन लाल मुठीचे नेहमीचे. व्हिक्टोरिनॉक्स या नावाची फोड मात्र मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे: कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली काम सुरू केलं, १९०९ मध्ये आई गेल्यावर तिचं व्हिक्टोरिया हे नाव कारखान्याला दिलं आणि १९२१ पासून न गंजणारं पोलाद वापरू लागल्यावर त्याला इनॉक्स जोडलं गेलं. चौथा, रुपेरी मुठीचा, सैनिकांसाठीचा निघाला आणि त्याच्या बुडाशी वर्षाचे दोन आकडे सरळ ठोकलेले होते. सगळेच चाकू इतके सरळ बोलते तर तुमचे तीन रविवार वाचले असते.

लाकडी मुठीचा छोटा फ्रेंच ओपिनेल मी मोठ्या आशेने पुढे केला होता. पातं उघडं असताना जागीच अडकवणारं फिरतं कडं या चाकूंना १९५५ मध्ये आलं, हे मी वाचून आले होते. आमच्या चाकूला कडं नव्हतं, तेव्हा तो त्याआधीचा, हा माझा हिशेब. तुम्ही मुठीवरचा आकडा बघितलात आणि म्हणालात, हा चार नंबरचा आहे. दोनपासून पाच नंबरपर्यंतच्या लहान चाकूंना आजही कडं नसतं. तेव्हा कड्यावरून वय ठरणार नाही. आशा मोडताना तुमचा आवाज इतका मऊ होता की वाईट वाटलंच नाही. त्या दिवशी तुम्ही 'खूण' आणि 'पुरावा' असे दोन शब्द वेगळे करून दिलेत.

त्या फरकाचा खरा उपयोग इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकूच्या वेळी झाला. जोसेफ रॉजर्स या कारखान्याचा छाप, तारा आणि माल्टीज क्रॉस म्हणजे टोकांशी रुंद होणारी फुली, १६८२ साली पहिल्यांदा नोंदला गेलेला. वर मुकुट आणि व्ही आर ही अक्षरं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. देशाचं नाव कुठेच नाही. १८९० च्या अमेरिकन कायद्याने तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, म्हणून इंग्लंड हा शब्द नसला की चाकू त्याआधीचा समजायचा, असा सर्रास नियम सांगतात. तुम्ही मला थांबवलंत. हा चाकू अमेरिकेत विकायला बनलाच नसेल तर त्या कायद्याशी त्याचा संबंध काय? म्हणून तुमच्या वहीत त्याच्यापुढे एकच वर्ष नाही. 'व्हिक्टोरियाचा काळ, बहुधा उत्तरार्ध' एवढंच आहे. एखादी जुनी तारीख लिहून टाकली असती तर आम्ही खूश झालो असतो. तुम्ही लिहिली नाहीत.

त्याच चाकूची मूठ आम्ही हाडाची धरून चाललो होतो. हाडात बारीक काळपट टिंबं, रेघा दिसतात, ती त्यातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटांची. इथे त्या नव्हत्या. मुठीच्या टोकाला, आडव्या छेदावर, एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक वक्र रेषांची जाळी होती. हस्तिदंत. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरची बंदी १९८९ साली ठरली. किती जुना आहे आणि कागदपत्रं काय आहेत, यावर प्रत्येक देशाचे नियम वेगळे. तो चाकू विक्रीच्या यादीत घालण्याआधी कायदा नीट विचारून घ्या, असं तुम्ही लाल शाईत लिहून दिलंत. आता त्याच्या मोलाची चर्चा आमच्या घरात होत नाही.

आणि सेल्युलॉइड! दादाने कुठेसं वाचलं होतं की तापलेली सुई टोचली की हाड आणि प्लास्टिक ओळखता येतं. तो सुई तापवायला उठला तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात. जुन्या रंगीत मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. अंगठ्याने चोळून मूठ जरा ऊबदार केली आणि कापराचा वास आला की कळतं, सुई नको. आमच्या मोतिया रंगाच्या मुठीला तो वास आला. मग तुम्ही गुंडाळी सपाट पसरलीत आणि त्या कप्प्याच्या डावी-उजवीकडचे चार चाकू काढायला सांगितलेत. चौघांचीही पाती गंजलेली, आणि दूरच्या कप्प्यांतली बरी. म्हातारं झालेलं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडत राहतं आणि शेजारचं पोलाद खातं. इतकी वर्षं एक मूठ आपल्या शेजाऱ्यांना खात होती आणि बाबांना वाटत असणार की दमट हवेने गंज धरतोय. गुंडाळीही वाईटच. कमावलेल्या कातड्यातल्या द्रव्यांनी पोलादाला गंज चढतो आणि पितळेवर हिरवं धरतं. बाबांनी जपून ठेवलं होतं हो, मनापासून जपलं होतं. ते जपणंच चाकूंना बाधत होतं हे ऐकून मला रडू आलं, आणि तुम्ही भिंग पुसत बसलात, मी सावरेपर्यंत.

दादाला मधमाशीच्या नक्षीचा लागिओल सगळ्यांत भारी वाटत होता. लागिओल हे फ्रान्समधलं गाव आणि त्या घाटाचं नाव आहे, कुण्या एका कारखान्याचं नाही, त्यामुळे नुसत्या नावाला मोल नाही, बनवणाऱ्याचं नाव शोधा, असं तुम्ही म्हणालात. आमच्या चाकूवर ते नव्हतं. बाबांचा लाडका, मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची छोटी धातूची पट्टी बसवलेला, रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचा चाकूही मूळ काळातला ठरला नाही. त्या कंपनीने असे चाकू केले ते १९२० ते १९४० मध्ये, आणि १९८२ पासून जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. मुठीवर हाडाची टिंबं नाहीत हे या वेळी मीच आधी पाहिलं. तुम्ही मान डोलावलीत.

मोलाचं म्हणाल, तर तुम्ही चाकूच्या नावाआधी त्याची तब्येत पाहिलीत. पातं मूळ लांबीचं आणि रुंदीचं आहे का, की धार लावून लावून निम्मं झालंय. उघडताना आणि मिटताना स्प्रिंग खट्‌कन आवाज देते का. उघडं पातं डुगडुगतं का. खिळ्यांजवळ मुठीला चीर आहे का. दोन्ही पात्यांचा छाप आणि रंग जुळतो का, की एक मागाहून बसवलंय. आणि मग किमती पाहिल्यात त्या मागितलेल्या नाही, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या. प्रत्येकापुढे एक आकडा न लिहिता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन लिहिलेत, खाली तारीख घातलीत आणि व्यापाऱ्याला विकलं तर यातलं किती हाती येईल तेही वेगळं लिहिलंत. सदतीसपैकी पाच चाकूंना खरी किंमत निघाली. तो माणूस बाजूला काढत होता ते तीनही त्या पाचांत होते.

ताई, माझे सगळ्यांत जास्त आभार आहेत ते शेवटच्या रविवारच्या प्रसंगासाठी. वही पुरी झाली आणि दादा म्हणाला, यातला एखादा तुम्हालाच घ्या, तुम्ही सांगाल त्या भावाला. तुम्हाला तो ट्रॅपर आवडला होता, हे मला दिसत होतं. तुम्ही तो दोन्ही हातांनी परत माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "ज्याचं मोल मी सांगितलं ते मी घेत नाही. कधीच नाही." भेट म्हणूनही घेतला नाहीत. त्या एका वाक्यामुळे वहीतला प्रत्येक आकडा आम्हा तिघांनाही खरा वाटला. वाटणी झाली, एकाही शब्दाने शब्द न वाढता झाली. दोन चाकू विकले, त्यांच्या खऱ्या भावाला. बाकीचे घरात आहेत.

सेल्युलॉइडची मूठ तुम्ही सांगितलीत तशी साध्या कागदात गुंडाळून, इतरांपासून दूर, वारा लागेल अशी ठेवली आहे. बाकीच्या पात्यांना तेलाचा हलका हात फिरवला आहे. गुंडाळी रिकामी करून जपली आहे.

एकतीस नंबरच्या चाकूपुढे तुम्ही 'ओळख पटली नाही' असं लिहून रेघ मारली होतीत. परवा रात्री विजेरी आडवी धरून पुन्हा बघत होते. छापात दोन अक्षरं आणि त्यांच्यामध्ये बाणासारखं काहीतरी आहे असं वाटतंय. खूणच म्हणते आहे, पुरावा नाही. तुमचं भिंग अजून माझ्याकडेच आहे, ते द्यायला या रविवारी येते आहे. तो चाकूही बरोबर आणते.

तुमची ऋणी,
सदतीस चाकूंची मुलगी