बाजार हटवू नका, हलवा

रस्त्याकडेचा शेतकरी आठवडी बाजार वाहतुकीला अडथळा ठरतो, म्हणून तो कायमचा बंद करावा, अशी मागणी करणारे वाचकाचे पत्र वाचले. तक्रार रास्त आहे, उपाय मात्र पटला नाही.

मृगाच्या आसपास कर्जत, शहापूरकडच्या आदिवासी महिला शेवळं ही रानभाजी घेऊन येतात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. घशाला खाज सुटू नये म्हणून या भाजीत काकडं ही आंबट रानफळं घालावी लागतात. ती किती घालायची हे विकणारी बाईच सांगते, वर चार काकडं जास्तीची टाकते. मग टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली. मॉलमधल्या फ्लॉवरला मात्र जून काय नि डिसेंबर काय, सारखेच!

राज्य सरकारने २०१६मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, तो शेतकऱ्याला थेट ग्राहकाला माल विकता यावा म्हणूनच. पणन मंडळाचे संत सावता माळी यांच्या नावाचे शेतकरी आठवडे बाजार अभियानही त्याच वर्षीचे. विकायची मुभा द्यायची आणि बसायला जागा नाकारायची, हे कसले धोरण?

आमच्याकडे पालिका शाळेचे मैदान रविवारी सकाळी रिकामे असते. बाजार तेथे भरवावा, झाडलोटीची जबाबदारी विक्रेत्यांवर टाकावी. शिवाय रस्त्यावरची निम्मी कोंडी टोपल्यांनी नव्हे, दुतर्फा लावलेल्या गाड्यांनी होते. त्यांत भाजी घ्यायला आलेल्या आम्हा ग्राहकांच्याही असतात.

– एक वाचक, ठाणे