उडवण्यापूर्वी तयार विमान तपासा

महोदय,

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमाने हल्ली कारखान्यातून जवळपास जोडूनच येतात आणि त्यामुळे ती तपासण्याची गरज नाही, असा समज नवख्या हौशींमध्ये दिसतो. वास्तविक बाल्सा (एक अतिशय हलके लाकूड) आणि प्लायवूडच्या सांध्यांत गोंद अनेकदा जेमतेम असतो. इंजिन ज्या पुढच्या भिंतीवर बसते ती भिंत आणि चाकांचा दांडा ज्या ठोकळ्यात बसतो तो ठोकळा, या दोन जागी आतून इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचा घट्ट गोंद) भरून कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या चिकटवाव्यात. इंजिनाची थरथर आणि उतरतानाचा दणका तेथेच बसतो. (इपॉक्सीचा अतिरेकही नको, वजन वाढते.) पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या ओढून पाहाव्यात आणि गुरुत्वमध्य पुस्तिकेत दिलेल्या जागी आणावा. ट्रान्समीटरची काठी उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उठतो ना, हे पाहणे पोरकट वाटेल. पण उलट जोडणीने चांगले विमान उड्डाण घेताच कोसळते. ड्रोन नियम, २०२१ मध्ये मॉडेल विमानासाठी २५ किलोची कमाल मर्यादा आणि नजरेच्या टप्प्यात उडवण्याची अट आहे. सांधे तपासणे मात्र उडवणाऱ्याच्याच हाती आहे. विक्रेत्यांनी खोक्यासोबत मराठीतून तपासणीचा कागद द्यावा, ही विनंती.

– एक मॉडेल विमानप्रेमी, पुणे